अडुळशाचं कुंपण आणि पुटपाकाचा रस

अडुळसा लावायचा म्हटलं की रोपवाटिकेत जायची गरज नसते. आमच्या पुरंदर तालुक्यात देवळामागं, पडक्या वाड्याच्या परसात, जुन्या विहिरीच्या काठावर कुठं ना कुठं तो उभा असतोच. त्याला कुणी मुद्दाम पाणी घालत नाही की खत टाकत नाही, तरी तो पुरुषभर उंच वाढतो आणि बाराही महिने हिरवा राहतो. आम्ही अंजिराच्या बागेला त्याचं कुंपण केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. कुंपणापासून सुरू झालेलं हे काम पुढं पुटपाकाच्या, म्हणजे वाटलेल्या पानांचा गोळा मातीच्या लेपात भाजून काढलेल्या रसापर्यंत आणि त्या रसाच्या चाटणापर्यंत, म्हणजे अवलेहापर्यंत गेलं. ते कसकसं होत गेलं हे सविस्तर लिहितेय, कारण अडुळशाबद्दल मोबाइलवर जे फिरतं त्यात 'चार पानं उकळा आणि प्या' याच्यापुढं काहीच नसतं. झाड लावायला सोपं आहे हे खरं, पण त्यातून औषध काढायचं तर ऋतू बघावा लागतो, पान निवडावं लागतं आणि कुणाला द्यायचं नाही हेही ठाऊक असावं लागतं.

कुंपणाचं कारण शेळ्या. दिवाळी झाली की घाटावरचे मेंढपाळ कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात आणि आमचा पश्चिमेचा बांध त्यांच्या वाटेवर येतो. कळपात मेंढरांबरोबर शेळ्याही असतात. अंजिराचा कोवळा शेंडा शेळीला सापडला की ती सोडत नाही. तारेचं कुंपण गंजतं, बाभळीच्या फेसाट्या दरवर्षी नव्यानं घालाव्या लागतात. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांनीच एकदा जेवताना विषय काढला, "बांधानं अडुळसा लाव की. शेरडू त्याला तोंड लावत नाही." आणि तसंच झालं. कुंपण कंबरेएवढं झालं त्या हिवाळ्यात मी बांधावर उभी राहून बघितलं. एका करडानं शेंडा तोंडात धरला, मान झटकून टाकून दिला, आणि मग त्या ओळीकडं कुणी फिरकलंच नाही. पानातल्या वासिसीन नावाच्या अल्कलॉइडमुळं, म्हणजे वनस्पतीतल्या एका रसायनामुळं, पान कडूजहर असतं, आणि चुरडलं की उग्र, थोडासा चहाच्या ओल्या चोथ्यासारखा वास येतो.

लावण्याआधी झाड नीट ओळखता आलं पाहिजे. अडुळशाची पानं समोरासमोर जोडीनं येतात, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, वरून गडद हिरवी आणि खालून फिकट. कांड्यावरची पेरं सुजल्यासारखी फुगीर असतात, हात फिरवला की लगेच कळतात. फूल आल्यावर तर शंकाच उरत नाही. फांदीच्या टोकाला आखूड, जाड कणीस येतं, त्यावर हिरव्या छदांच्या (फुलाखालच्या लहान पानांच्या) आडून पांढरी फुलं एकेक करून डोकावतात. फुलाला दोन ओठ असतात. वरचा ओठ कमानीसारखा वाकलेला, खालचा रुंद आणि त्यावर जांभळट गुलाबी रेघा. या जबड्यामुळंच संस्कृतात त्याला सिंहास्य म्हटलंय. बाजारातल्या सुक्या पानांत महारुखाच्या पानांची भेसळ होते, पण महारुख हा मोठा वृक्ष आहे आणि त्याचं संयुक्त पान करवती कडांचं असतं, तर अडुळशाच्या पानाची कड सरळ असते. काळा अडुळसा नावाचं आणखी एक झुडूप बागांमधून लावतात, त्याचं पान फार अरुंद आणि देठ-कांडं काळपट जांभळं. तेही औषधीच आहे, पण वेगळं. दोन्हींची गल्लत करायची नाही.

फाटे आणले ते गावातल्या एका जुन्या वाड्यामागून. तिथल्या काकू म्हणाल्या, "न्या की हवे तेवढे. माझ्या सासूबाईंच्या आधीपासून आहे ते झाड." अडुळशाला बोंडं धरतात, प्रत्येकात जास्तीत जास्त चार बिया, पण आमच्याकडं बी धरायचं प्रमाण फारच कमी. म्हणून लागवड फाट्यांनीच करतात. मृगाचा पाऊस जमिनीत चांगला मुरला की फाटे काढायचे. अगदी हिरवा लुसलुशीत शेंडा घेतला तर तो सडतो, आणि बुंध्याजवळचं पांढुरकं जून लाकूड घेतलं तर त्याला फुटायला फार वेळ लागतो. मधला भाग घ्यायचा, पेन्सिलीएवढा किंवा थोडा जाड, वीतभर लांब, तीन-चार पेरं असलेला. खालचा काप पेराच्या अगदी खाली आणि तिरपा, वरचा सरळ. दोन्ही काप वेगवेगळे ठेवले की लावताना उलटंसुलटं होत नाही. खालची पानं काढून टाकायची, वरची जोडी ठेवली तर ती अर्धी कापायची, नाहीतर मुळं फुटायच्या आधीच पानं सगळं पाणी उडवून टाकतात.

बरेचसे फाटे आम्ही थेट बांधावर लावले, थोडे पिशव्यांत. पिशवीत पोयटा, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात. दोन पेरं मातीत आणि एक-दोन वर राहतील असं लावायचं, बुडाशी माती दाबून घट्ट करायची. पहिले काही आठवडे फाटा जसाच्या तसा उभा दिसतो. मग पेराच्या बगलेतून दोन हिरव्या टिकल्या निघतात. त्या दिसल्या म्हणजे मूळ धरलं असं समजायचं नाही, कारण साठवलेल्या रसावरही कोंब येतो. पिशवीच्या तळाच्या भोकातून पांढरं मूळ बाहेर डोकावलं की मगच ते रोप हलवायचं. श्रावण-भाद्रपदापर्यंत बहुतेक रोपं जमिनीत जायच्या लायकीची होतात.

कुंपणासाठी दोन रोपांत दीड फुटाचं अंतर ठेवलं. नुसत्या पाल्यासाठी लावायचा असेल तर तीन फूट तरी हवं, म्हणजे झुडूप सगळ्या बाजूंनी भरतं आणि पानं काढायला आत शिरता येतं. जमीन कुठलीही चालते, मुरमाड बांधावर तर तो खूशच असतो. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे साचलेलं पाणी. आमच्या बांधाचा खालचा कोपरा काळ्या मातीचा आहे आणि पावसाळ्यात तिथं चिबड होतं, म्हणून मामांनी तिथं आधी गादीवाफा ओढून घेतला आणि त्याच्यावर फाटे लावले. पहिल्या उन्हाळ्यात अंजिराच्या ठिबकची एक नळी तिकडं वळवून अधूनमधून पाणी दिलं. त्यानंतर या कुंपणानं पाणी मागितलेलं नाही. कीडही त्याला सहसा लागत नाही, फवारणीचा प्रश्नच आला नाही. औषधासाठी पान काढायचं तर हे फार महत्त्वाचं आहे. म्हणूनच बागेवर औषध मारायचं असेल त्या दिवसांत पश्चिमेच्या बांधाचा पाला आम्ही काढत नाही, घरामागच्या वेगळ्या झुडपांचा काढतो.

पहिलं वर्ष पानाला हात लावला नाही. मुळं आणि बुंधा भरू द्यायचा. दुसऱ्या वर्षी थंडीत पहिला बहर आला. मार्गशीर्षात कणसं दिसू लागली आणि पुढं होळीपर्यंत फुलं येतच राहिली. सकाळी ऊन वर आलं की मोठे काळे भुंगे त्या ओठावर उतरतात. भुंग्याच्या वजनानं फूल खाली झुकतं, तो आत डोकं घालतो, आणि वरच्या ओठाखाली दडलेले दोन पुंकेसर बरोबर त्याच्या पाठीवर घासतात. हे बघायला मी कितीतरी वेळ उभी राहिलेय. आमची मुलं फूल अलगद उपटून नळीच्या बुडातला मध चोखतात, जसा त्यांच्या बापानं चोखला आणि त्याच्या बापानंही. पान इतकं कडू असलेल्या झाडाच्या फुलात इतका गोड थेंब असतो याचं पहिल्यांदा चोखणाऱ्या पोराला फार नवल वाटतं.

घरात अडुळशाचा वापर आत्यांच्या हातात होता. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांचा काढा साधा, पण पानाबाबत त्या फार काटेकोर. हिरवं पान त्या कधी घेत नसत. झाडावरच पिकून पिवळी झालेली, पण वाळून खडखडीत न झालेली पानं हवीत. "पिकलं पान घे. हिरव्यानं पोराला मळमळतं," हे त्यांचं म्हणणं. पाच-सहा पानं धुऊन, हातानं फाडून, दोन भांडी पाण्यात घालायची. त्यात ज्येष्ठमधाचं बोटाच्या पेराएवढं कांडं ठेचून, दोन-तीन मिरी, सुंठेचा लहान तुकडा. मंद आचेवर पाणी अर्ध्यावर येईपर्यंत उकळायचं, गाळायचं आणि खडीसाखर घालून कोमट प्यायचं. छातीत कफ दाटलाय, खोकून खोकून दमलं तरी सुटत नाही, अशा वेळी हा काढा उपयोगी पडतो. घशात नुसती खवखव असेल, कोरडी ढास असेल तर आत्या अडुळसा देतच नसत. तेव्हा ज्येष्ठमध नुसता चघळायला देत. हा फरक मला पुढं वैद्यांकडूनही ऐकायला मिळाला, आणि तेव्हा आत्यांबद्दलचा आदर आणखी वाढला.

पुटपाकाचं नाव मी वैद्यांकडं पहिल्यांदा ऐकलं. तालुक्याच्या गावी एक वयस्कर वैद्य आहेत, आमची सुकी पानं त्यांच्याकडं जात. एकदा मी विचारलं की ताज्या पानाचा रस का घेत नाही तुम्ही, सुकंच पान का? ते म्हणाले, "ताई, रस काढून बघा म्हणजे कळेल." घरी येऊन पानं पाट्यावर वाटली, फडक्यात घालून पिळली, तर हिरवा लगदा हाताला लागला आणि रसाचे थेंब मोजता आले असते. अडुळशाचं पान दिसायला भरलेलं पण रसाला अगदी चिवट. मिक्सरला पाणी घालून फिरवलं तर रस निघाल्यासारखा वाटतो, पण ते पाणीच असतं. मग त्यांनी सांगितलं की अशाच पानांसाठी पुटपाक आहे, आणि शार्ङ्गधरानं आपल्या संहितेत त्याची कृती दिलीय. पुढच्या पौषात ते स्वतः आमच्या मळ्यात आले आणि करून दाखवलं. त्यानंतर दरवर्षी आम्ही करतो.

पानं सकाळी दव उतरल्यावर काढायची. पुटपाकाला मात्र पूर्ण वाढलेलं, गडद हिरवं पान लागतं, पिवळं चालत नाही. फांदीचा शेंडा आणि त्याखालच्या दोन जोड्या सोडून द्यायच्या, त्याखालची पानं खुडायची, आणि एका झुडपाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पाला एका वेळी काढायचा नाही. पानं दोन पाण्यांनी धुऊन फडक्यावर पसरून वरचं पाणी टिपून घ्यायचं. मग पाट्यावर, पाण्याचा थेंबही न घालता, वाटायची. हे काम कष्टाचं आहे. पानाच्या मधली शीर चिवट, ती वरवंट्याखाली सरकत राहते. चांगलं वाटलं गेलं की गोळा हाताला चिकटतो आणि रंग जवळजवळ काळपट हिरवा होतो. नारळाएवढे गोळे करायचे. प्रत्येक गोळा एरंडाच्या मोठ्या पानांत गुंडाळायचा. वडाची किंवा जांभळाची पानंही चालतात, ग्रंथात तीच सांगितली आहेत, पण एरंडाचं पान मोठं असल्यानं दोन-तीन पानांत काम होतं. वरून सुती दोऱ्यानं आडवं-उभं करकचून बांधायचं.

यावर मातीचा लेप. नदीकाठची चिकण माती आदल्या दिवशी भिजवून, मळून ठेवलेली असते. लेपाची जाडी दोन अंगुळं. वैद्य यावर फार कडक होते. लेप पातळ झाला तर आतलं पान जळतं आणि रसाला करपट वास येतो, फार जाड झाला तर वरची माती लाल होईपर्यंत आतल्या गोळ्याला धग पोचतच नाही. लेप लावून झाला की तो हाताला ओला न लागेपर्यंत सावलीत ठेवायचा, कुठं चीर दिसली तर ओल्या बोटानं बुजवायची. मग जमिनीत हातभर खड्डा, तळाशी शेणाच्या गोवऱ्या, मधे गोळे, वर आणि बाजूनं पुन्हा गोवऱ्या. गोवऱ्यांचा विस्तव सावकाश आणि सगळीकडून सारखा लागतो, लाकडाचा जाळ एका अंगानं भडकतो. म्हणून इथं गोवरीच हवी.

किती वेळ ठेवायचं ते घड्याळावर ठरत नाही. मातीचा रंग बघायचा. आधी ती काळी पडते, मग राखाडी, आणि विस्तव पूर्ण खुलला की लालसर दिसू लागते. ती निखाऱ्यासारखी लाल दिसली की गोळे चिमट्यानं बाहेर ओढायचे. थोडी धग गेली की काठीनं टकटक करून मातीचं कवच फोडायचं. आत एरंडाची पानं तपकिरी होऊन गोळ्याला चिकटलेली असतात, ती सोलून काढली की वाफेचा एक भपकारा येतो. कच्च्या पानाचा तो उग्र वास गेलेला असतो, त्याच्या जागी भाजलेल्या हिरव्या चाऱ्यासारखा, थोडा गोडसर वास. गोळा मऊ पडलेला असतो. तो गरम असतानाच जाड सुती फडक्यात घालून दोघांनी दोन टोकं धरून पिळायचा. आणि मग कळतं की हा सगळा खटाटोप कशासाठी. ज्या पानातून थेंब निघत नव्हता त्यातून दाट, हिरवट तपकिरी रसाची धार लागते. थंड झालेला गोळा पुन्हा चिवट होतो, म्हणून इथं गप्पा मारत बसायचं नाही. पाटीभर पाल्यातून आम्हाला मोठा पेलाभर रस मिळतो. पहिल्यांदा ती धार बघून आत्या म्हणाल्या, "एवढी वर्षं पानं उकळली, हे काय दिसलं नव्हतं बाई."

हा रस तसाच, ताजा, मध घालून घ्यायची पद्धत आहे. त्याला लगेच वापरावं लागतं, दुसऱ्या दिवसापर्यंत तो टिकत नाही. टिकाऊ करायचा तर अवलेह. वासावलेहाचं जुनं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: रसाच्या निम्मी साखर, रसाच्या आठव्या हिश्शाइतकी पिंपळी आणि तेवढंच तूप, आणि शेवटी साखरेइतकाच मध. जुन्या मापात रस एक प्रस्थ, साखर आणि मध प्रत्येकी आठ पळं, पिंपळी आणि तूप प्रत्येकी दोन पळं. आजच्या वजनात रस ७६८ ग्रॅम धरला तर साखर ३८४, मध ३८४, पिंपळी ९६ आणि तूप ९६ ग्रॅम. पिंपळी ही मिरीच्या कुळातली लांबट कणसासारखी वस्तू, काष्ठौषधीवाल्याकडं मिळते. ती कडक उन्हात तापवून, कुटून, वस्त्रगाळ करून घ्यायची. जाडसर राहिली तर घशाला टोचते आणि ज्याचा खोकला घालवायचा त्यालाच ढास लागते.

रस आणि खडीसाखर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायची आणि लाकडी उलथण्यानं सारखं ढवळत राहायचं. वर हिरवट फेस येतो, तो काढून टाकायचा. पाक झाला की नाही हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. बोटांत धरून ओढला की तार आली पाहिजे. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला तर तो न पसरता तळाला जाऊन बसला पाहिजे. थोडं ताटलीत घेऊन गार केलं आणि बोटानं दाबलं तर बोटावरच्या रेषा त्यात उमटल्या पाहिजेत. या तिन्ही खुणा जुळल्या की आच बंद करून तूप आणि पिंपळी घालायची आणि एकजीव होईपर्यंत घोटायचं. पिंपळी पडली की पातेल्यातून एकदम तिखट झणका येतो, जवळ उभं असलेलं माणूस शिंकल्याशिवाय राहत नाही. आणि मध सगळं पूर्ण गार झाल्यावरच. आयुर्वेदात मध तापवायचा नाही असा दंडक आहे आणि वैद्यांनी तो तीन-तीनदा बजावला होता. तयार अवलेह गडद तपकिरी, चकचकीत, चमच्याला धरून राहणारा होतो. चव आधी गोड, मग जिभेच्या मागं कडू, आणि गिळल्यावर पिंपळीची ऊब छातीपर्यंत जाते. काचेच्या कोरड्या बरणीत भरायचा आणि प्रत्येक वेळी कोरडाच चमचा घालायचा. मोठ्या माणसाला अर्धा ते एक चमचा, दिवसातून दोनदा, असं वैद्यांनी आमच्या घरापुरतं सांगितलंय.

आमच्या घरात याचा सर्वांत जास्त उपयोग मामांना होतो. हिवाळ्यात त्यांना दाट कफाचा खोकला होतो, सकाळी उठल्यावर तासभर खोकत बसतात. अवलेह सुरू केला की कफ पातळ होऊन सुटतो आणि रात्री झोप लागते, असा आमचा दरवर्षीचा अनुभव. हा काही चमत्कार नाही. वासिसीन डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञानं १८८८ मध्ये या पानातून वेगळं काढलं, आणि पुढं १९६०च्या दशकात युरोपात त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. त्याच ब्रोमहेक्झिनपासून शरीरात जे बनतं ते अँब्रॉक्सॉल. खोकल्याच्या सिरपची बाटली उलटून बघा, या दोनपैकी एक नाव बऱ्याचदा सापडेल. म्हणजे औषधाच्या दुकानातून आपण जे आणतो त्यातल्या काहींचं मूळ आपल्या परसातल्या या कडू पानाशी जाऊन मिळतं. मला याचा फार आनंद वाटतो.

पण ज्या वासिसीनचा एवढा गुण, त्याचाच दुसरा परिणाम गर्भाशयावर होतो. ते गर्भाशय आकुंचित करतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात यावर मोठं काम झालं, बाळंतपणात वापरता येईल असं औषध म्हणून त्याची तपासणी झाली. म्हणून गर्भार बाईला अडुळसा द्यायचा नाही. काढा नाही, रस नाही, अवलेह नाही, 'घरचंच तर आहे' म्हणून चमचाभरही नाही. आमच्या गावात एका सुनेला सातव्या महिन्यात शेजारणीनं प्रेमापोटी अडुळशाचा काढा आणून दिला होता. आत्यांनी तो पेला हातातून काढून घेतला आणि ओतून टाकला. आत्यांना अल्कलॉइड हा शब्द माहीत नव्हता, पण "पोटुशीला अडुळसा नाही" हे त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेलं होतं. आज जे लोक मोबाइलवरून हाच काढा 'सर्वांसाठी' म्हणून पाठवतात त्यांनी हे एक वाक्य तरी त्यात घालावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय अवलेहात मध असतो, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला तो चालत नाही, आणि साखर-मध मिळून इतका गोडवा असतो की मधुमेह असलेल्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय बरणी उघडू नये.

दुसरी गोष्ट क्षयाची. जुना श्लोक असं सांगतो की अडुळसा असताना आणि जगायची आशा असताना रक्तपित्त (नाका-तोंडातून रक्त पडणं), क्षय आणि खोकला झालेल्यानं खचून का जावं? ज्या काळात क्षयावर दुसरं काही नव्हतं त्या काळात या झाडानं किती जणांना धीर दिला असेल ते यातून कळतं. पण आज दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरलं किंवा थुंकीत रक्त दिसलं तर आधी सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासायची. तपासणी आणि औषधं तिथं मोफत असतात आणि ती औषधं पूर्ण मुदत घेतली की क्षय बरा होतो. आमच्याकडं अवलेह मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी विचारते, "किती दिवस झाले खोकल्याला?" महिना झाला असं कुणी म्हणालं तर बरणी कपाटातच राहते. एक जण यावर रागावून गेले. पुढं त्यांची तपासणी झाली, उपचार झाले, आणि ते बरे होऊन स्वतः सांगायला आले.

विक्रीचं थोडक्यात सांगते. सुका पाला औषधी कारखान्यांना पुरवणारे व्यापारी घेतात, पण भाव फार मिळत नाही, आणि वाळवणीत हयगय झाली तर माल परत येतो. पान उन्हात वाळवलं तर रंग उडतो, ढिगानं ठेवलं तर आतून तापून काळं पडतं. सावलीत, जाळीवर, पातळ पसरून, रोज उलटं करून वाळवलं तर हिरवट पिवळा रंग राहतो आणि तेच घेणाऱ्याला हवं असतं. एवढी मेहनत करून नुसत्या अडुळशावर घर चालेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. बांधावरचं जोडपीक म्हणून, ज्याला वेगळी जागा, पाणी आणि फवारणी लागत नाही असं, ते चांगलं आहे. आम्हाला त्याचं खरं मोल बाग सुरक्षित राहण्यात आणि घरच्या औषधात मिळालं.

पाल्याचे इतर उपयोग मामांच्या पिढीला जास्त माहीत आहेत. गव्हाच्या कणगीत कडुनिंबाबरोबर अडुळशाची वाळलेली पानं थरांमध्ये घालतात, पोरकिडा कमी लागतो. मामांच्या लहानपणी भाताच्या खाचरात चिखलणीच्या वेळी ओला पाला तुडवून गाडत. आत्या फुलंही वाया जाऊ देत नसत. बहरात थोडी ताजी फुलं खुडून, उकळून, पहिलं पाणी टाकून देऊन कांद्यावर परतत. ती भाजी कडसर लागते, कारल्याची सवय असलेल्या माणसाला आवडेल अशी.

होळी झाली आणि बहर ओसरला की आम्ही कुंपण छाटतो, गुडघ्याच्या वर हातभर ठेवून. उन्हाळाभर ते बोडकं दिसतं, पण वळवाच्या सरीनंतर प्रत्येक पेरातून फुटवा येतो आणि पुढच्या पौषापर्यंत पुटपाकाला लागेल एवढा पाला तयार होतो. छाटणीतली मधल्या जाडीची लाकडं आम्ही जाळत नाही, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवतो आणि मागेल त्याला देतो. उन्हाळ्यात लावायचं असेल तर सावलीत पिशव्यांतच लावायला सांगते आणि रोज पाणी शिंपडायला. ज्यांना थेट बांधावर लावायचं आहे त्यांना सरळ मृगानंतर या म्हणते, तेव्हा ताजे फाटे काढून देता येतात. फाटे देताना मी दोन्ही टोकं दाखवते, तिरपं खाली, सरळ वर, आणि घरात कुणी गर्भार आहे का तेही विचारून घेते.